सागरी अर्चिनचे अंडे आणि ‘क्रियाशीलता’ हा शब्द

प्राणिशास्त्राच्या एका सहाध्यापकांनी आपल्या मराठी पाठ्यपुस्तकाचे हस्तलिखित केवळ भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे दिले होते. त्यातील एका वाक्यापाशी लेखणी अडली. वाक्य असे : ‘फलनानंतर सागरी अर्चिनच्या अंड्यातील एंझाइमांची क्रियाशीलता वाढते.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही ते खोटे नाही. तथापि ‘वाढते’ म्हणजे अंड्यात नेमके काय घडते, हे ते सांगत नाही. अधिक चौकशी करता असे आढळून आले की, ही संदिग्धता मराठी भाषांतरामुळे आलेली नाही. ती मूळ शास्त्रीय लिखाणातच होती, आणि तिचा उलगडा करण्यात जीवशास्त्रज्ञांची बरीच वर्षे खर्ची पडली. भाषाविज्ञानाच्या एका अभ्यासकाने अंड्यांविषयी लिहिण्याचे धाडस करण्याचे कारण एवढेच.

लेखकाचे गाव म्हसवड. माणदेशातील हा प्रदेश अवर्षणाचा. तेथे पाण्याविषयी सैल बोललेले चालत नाही. राजेवाडीच्या तलावाखालच्या शेतकऱ्याला कोणी ‘पाटाला पाणी वाढले’ असे सांगितले, तर तो लगेच विचारील, ‘कशाने?’ वर पाऊस होऊन तलावात नवे पाणी आले असेल. तलावातील पाणी तेवढेच असून दार अधिक उचलले असेल. किंवा दार होते तसेच असून पाटात साचलेला गाळ कोणी काढला असेल. पाटात उभे राहून पाहणाऱ्यास तिन्ही प्रसंगी घोट्याचे पाणी गुडघ्यापर्यंत आलेले दिसते. परंतु पुढील महिन्यात काय होणार, हे तिन्ही प्रसंगी वेगळे असते. एंझाइमाच्या ‘वाढीव क्रियाशीलते’चेही असेच आहे.

प्रथम त्या प्राण्याविषयी. सागरी अर्चिन हा तारामाशाच्या कुळातील, कंटकचर्मी संघातील प्राणी. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांनी धोत्र्याचे काटेरी बोंड डोळ्यांपुढे आणावे; आकार मात्र त्याहून मोठा आणि काटे हालणारे. भारताच्या किनाऱ्यावरील खडकांच्या कपारींतून स्टोमोप्न्यूस्टीस व्हेरिओलॅरिस ही काळसर जाती आढळते. फलनाच्या अभ्यासासाठी हा प्राणी जगभर निवडला गेला, याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. त्याची मादी लक्षावधी अंडी समुद्रात सोडते, नर शुक्राणू सोडतो आणि फलन पाण्यातच होते. प्रयोगशाळेत पोटॅशियम क्लोराइडचा द्राव शरीरपोकळीत टोचला की अंडी बाहेर पडू लागतात. अंडे व्यासाने मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि कित्येक जातींत जवळजवळ पारदर्शक असते. एका पेल्यातील सर्व अंड्यांवर एकाच क्षणी शुक्राणू सोडले, तर ती सर्व एकाच वेळापत्रकाने पुढे जातात. रसायनशास्त्रज्ञास याहून अधिक सोयीचे काय हवे? 1875 च्या सुमारास ऑस्कर हर्टविग याने भूमध्य समुद्राकाठी याच प्राण्याच्या अंड्यात शुक्राणूचे व अंड्याचे केंद्रक एकत्र येताना पाहिले, आणि तेव्हापासून हे अंडे प्रयोगशाळेतून हललेले नाही.

अफलित अंड्याची स्थिती मोठी चमत्कारिक असते. पुढील वाटचालीस लागणारी बहुतेक सामग्री त्यात आधीच भरलेली असते : प्रथिने, प्रथिनांचे आराखडे वाहणारी आर. एन्. ए., पिष्ट, मेद आणि शेकडो एंझाइमे. असे असूनही चयापचय अतिशय मंद चाललेला असतो आणि फलन झाले नाही तर ते थोड्या काळातच मरते. याउलट शुक्राणूचा स्पर्श होताच जे घडते त्याचा क्रम आज सेकंदांच्या हिशेबाने सांगता येतो. पहिल्या एक-दोन सेकंदांतच अंड्याच्या पटलावरील विद्युत्-दाब ऋणाचा धन होतो आणि दुसऱ्या शुक्राणूस तात्पुरती बंदी होते. त्यानंतर शुक्राणूच्या प्रवेशस्थानापासून कॅल्शियम आयनांची एक लाट उठते व सुमारे अर्ध्या मिनिटात अंड्याच्या दुसऱ्या टोकास पोहोचते. हे कॅल्शियम समुद्राच्या पाण्यातून येत नाही. ते अंड्यातीलच कोठारांतून मोकळे होते. 1974 मध्ये रिचर्ड स्टाइनहार्ट व डेव्हिड एपेल यांनी हे नेटकेपणाने दाखविले. कॅल्शियमला पटलापलीकडे नेणारे एक द्रव्य त्यांनी शुक्राणूविनाच अंड्यांना दिले. बाहेरील पाण्यात कॅल्शियम नसतानाही अंडी जागी झाली. मिनिटभरानंतर अंडे सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकू लागते आणि आतील आम्लता कमी होते. पाचव्या मिनिटाच्या पुढेमागे प्रथिननिर्मितीचा वेग वाढू लागतो, आणि सुमारे दीड तासाने (जातीप्रमाणे व पाण्याच्या तापमानाप्रमाणे यात फरक पडतो) अंड्याचे दोन भाग होतात.

या साऱ्या धावपळीत एंझाइमांचा वाटा कोणता? येथेच आपल्या वाक्यातील ‘वाढते’ हे क्रियापद फोडून पाहावे लागते.

काही एंझाइमे अंड्यात तयार असतात, परंतु कोंडलेली असतात. पटलाच्या लगेच आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म कणिका रांगेने चिकटलेल्या असतात. कॅल्शियमची लाट ज्या ज्या ठिकाणी पोहोचते त्या त्या ठिकाणी या कणिका पटलाशी एकरूप होऊन बाहेर उघडतात. त्यांतून बाहेर पडणारे एक प्रथिनभेदी एंझाइम अंड्याचे बाह्य वेष्टन पटलाला जेथे टाचलेले असते ते टाके तोडते. वेष्टन सुटून फुगते आणि अंड्याभोवती प्रभावळ असावी तसे दिसू लागते. त्याच कणिकांतील ओव्होपेरॉक्सिडेज नावाचे दुसरे एंझाइम वेष्टनातील प्रथिनांचे टायरोसीन-घटक एकमेकांस जोडून त्याला कठीण करते. या एंझाइमांची संख्या वाढलेली नाही. बदलली ती जागा. म्हसवडच्या भाषेत बोलावयाचे तर दार उचलले गेले.

दुसऱ्या काही एंझाइमांच्या बाबतीत खुद्द सामर्थ्यच बदलते. एन्. ए. डी. कायनेज हे त्याचे उत्तम उदाहरण होय. एन्. ए. डी. या सहद्रव्याला एक फॉस्फेट जोडून त्याचे एन्. ए. डी. पी. बनविणे हे त्याचे काम. फलनानंतर मिनिट-दोन मिनिटांतच अंड्यातील एन्. ए. डी. पी. चे प्रमाण झपाट्याने वाढते. 1981 मध्ये एपेल व त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी संयोग पावते आणि ती जोडी या कायनेजाला कार्यप्रवृत्त करते. रेणू तोच, जागाही बहुधा तीच, परंतु त्याचा वेग आता निराळा.

आणि नव्या पावसाचे उदाहरण? तेही आहे, पण ते उशिरा येते, आणि हीच गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काही तासांनी गर्भ पोकळ गोळ्याच्या अवस्थेत पोहोचला की, तो स्वतःच्या जनुकांच्या आधारे एक नवे एंझाइम तयार करतो. हे एंझाइम त्या कठीण झालेल्या वेष्टनास विरघळवते व गर्भ पोहत बाहेर पडतो. पहिल्या पाच मिनिटांत जुन्या एंझाइमांनी जे कवच पक्के केले, ते नव्याने घडविलेल्या एंझाइमाने मोडावयाचे, असा हा व्यवहार आहे. दोन्ही प्रसंगी आपण ‘एंझाइमाची क्रियाशीलता वाढली’ असेच लिहितो. (येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1982 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल येथे टिम हंट हा अर्चिनच्या फलित अंड्यांत कोणती प्रथिने नव्याने तयार होतात हे पाहात असता, एक प्रथिन सतत साठत जाऊन प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होते, असे त्याच्या ध्यानात आले. तेच सायक्लिन. ते स्वतः एंझाइम नव्हे, परंतु पेशीविभाजन घडविणाऱ्या एंझाइमाचा अपरिहार्य जोडीदार आहे. पुढे 2001 मध्ये या शोधाबद्दल हंट यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. नवनिर्मिती आणि जागृती यांतील भेद डोळ्यांत तेल घालून पाहिला तर काय हाती लागते, याचे हे उदाहरण.)

हा भेद न केल्याने केवढी दिशाभूल होऊ शकते, हे ऑटो वारबुर्ग याच्या प्रसिद्ध मोजणीवरून कळते. 1908 मध्ये या तरुण शास्त्रज्ञाने नेपल्स येथे अर्चिनच्या अंड्यांचा प्राणवायूचा खप मोजला आणि फलनानंतर तो सुमारे सहापट होतो असे प्रसिद्ध केले. मोजणी अचूक होती. प्राणवायूचा खप म्हणजे श्वसन, श्वसन म्हणजे ऊर्जा, आणि गर्भ घडवावयाचा म्हणजे ऊर्जा हवीच. तेव्हा श्वसनाची एंझाइमे जागी झाली, हा अर्थ त्या आकड्यास आपोआप चिकटला. कोणालाही तो सयुक्तिक वाटावा असाच होता, आणि कित्येक दशके तो टिकलाही. परंतु 1970 नंतरच्या दशकात बेनेट शपायरो याच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की, पहिल्या काही मिनिटांत खपणाऱ्या प्राणवायूचा मोठा भाग ऊर्जेसाठी खर्च होतच नाही. अंडे त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. वर उल्लेखिलेल्या ओव्होपेरॉक्सिडेजला वेष्टन कठीण करण्यासाठी हेच द्रव्य लागते. 2004 मध्ये वेसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी हे पेरॉक्साइड निर्माण करणारे एंझाइमही ओळखले. त्यास त्यांनी यूडीएक्स-1 असे नाव दिले. ज्यास ‘श्वास’ म्हटले गेले, तो पुष्कळ अंशी तटबंदीचा खर्च होता.

यातून एक सुंदर साखळी दिसू लागते. पेरॉक्साइड बनविण्यास एन्. ए. डी. पी. चे हायड्रोजनयुक्त रूप हवे. ते तयार करण्याचे काम ग्लुकोज-6-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाकडे आहे. या एंझाइमास कच्चा माल म्हणून साधे एन्. ए. डी. पी. हवे, आणि ते पुरविते एन्. ए. डी. कायनेज. शिवाय पेरॉक्साइड हे जहाल द्रव्य. ते अंड्याच्या आत शिरले तर घात करील. म्हणून अंड्याने ओव्होथायॉल नावाचे गंधकयुक्त द्रव्य मोठ्या प्रमाणावर साठविलेले असते. ते पेरॉक्साइडचा नाश करते आणि ते पुन्हा पूर्वस्थितीस आणण्याचा खर्चही अखेर त्याच एन्. ए. डी. पी. च्या खात्यावर पडतो. या साखळीत मधले डीहायड्रोजनेज आधीपासून हजर होते. त्याला कामच मिळत नव्हते. हा गाळ निघण्याचा प्रकार म्हणावा काय? म्हणता आले असते, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

मागील दिवाळीच्या सुटीत गावी काही पदव्युत्तर विद्यार्थी भेटावयास आले असता लेखकाने त्यांना हे सर्व सांगितले. एंझाइमाची क्रियाशीलता मोजतात कशी, असे विचारले असता, अंडी फोडून त्यांचा द्राव करतात व त्यात योग्य ते द्रव्य घालून रूपांतराचा वेग पाहतात, असे उत्तर दिले. त्यावर एक मुलगा म्हणाला, “पण सर, अंडंच फोडलं, तर मग ते अंड्याचं काम कसं म्हणायचं?” लेखकाने तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नंतर वाचन करताना कळले की, त्या मुलाने नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते.

घडले होते ते असे. 1963 मध्ये जपानमध्ये इसोनो यांना असे आढळले की, अफलित अंडी फोडली असता ग्लुकोज-6-फॉस्फेट डीहायड्रोजनेज बव्हंशी गाळाच्या भागाबरोबर तळाशी बसते. फलित अंडी फोडली तर ते द्रवभागात मोकळे सापडते. एकूण एंझाइम मात्र बदलत नाही. म्हणजे अफलित अंड्यात ते कशाला तरी बांधलेले असावे. 1986 मध्ये रॉबर्ट स्वीझी व एपेल यांनी हे बंधन पेशीच्या अंतर्गत चौकटीतील घटकांशी असून ते सुटण्याजोगे आहे असे दाखविले. परंतु विद्यार्थ्याची शंका उरतेच : अंडे फोडल्यावर जे दिसले ते अखंड अंड्यातही तसेच असेल कशावरून? द्राव करताना क्षारांचे प्रमाण बदलते, सर्व काही शेकडोपट पातळ होते, आणि जे रेणू कधी एकमेकांच्या वाटेस गेले नसते ते एकत्र येतात.

या शंकेवरील उपाय त्याच दोघांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केला. अंडे फोडावयाचे नाही. त्याला विजेचा अत्यल्प काळ टिकणारा झटका द्यावयाचा. त्यामुळे पटलावर सूक्ष्म छिद्रे पडतात. या छिद्रांतून लहान रेणू आत-बाहेर जाऊ शकतात, एंझाइमासारखे मोठे रेणू मात्र आतच, जवळजवळ आपापल्या जागी राहतात. मग बाहेरून भरपूर कच्चा माल व सहद्रव्ये पुरवावयाची आणि अंड्याच्या आतील एंझाइम किती वेगाने काम करते ते मोजावयाचे. निष्कर्ष लक्षणीय होता. चयापचयाच्या निरनिराळ्या मार्गांवरील अनेक एंझाइमे अफलित अंड्यात, कच्चा माल हाताशी असूनही, दबलेली राहिली आणि फलित अंड्यात त्यांचा वेग वाढला. तीच अंडी फोडून द्राव केल्यावर मात्र फलित व अफलित यांतील फरक नाहीसा झाला. अंडे फुटताच ते बंधन तुटले, आणि बंधनाचा पुरावाही त्याबरोबरच गेला. डीहायड्रोजनेजास निव्वळ कच्चा माल मिळत नव्हता असे म्हणून चालणार नाही, ते यासाठी. पाटात गाळ होता हे खरे, पण दारही पुरते उचललेले नव्हते.

भाषेच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. कोशात ‘लागणे’ हे क्रियापद काढून पाहावे. तेथे त्याचे दहा-पंधरा अर्थ ओळीने मांडलेले दिसतात आणि सर्वांचा दर्जा सारखाच भासतो. ‘ठेच लागली’, ‘भूक लागली’, ‘गाडी घाटाला लागली’, ‘तो रडू लागला’ या वाक्यांत त्यांतील एकेकच अर्थ काम करतो. बाकीचे त्या शब्दाच्या पोटी असूनही गप्प बसतात. कोशावरून शब्दाचे सामर्थ्य कळते, वाक्यातील व्यापार कळत नाही. फोडलेल्या अंड्याचा द्राव हा एक प्रकारचा कोश होय. तो निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण कोशाशिवाय वाक्याचा अभ्यास सुरूच करता येत नाही. फक्त कोशातील नोंद वाचून ‘या वाक्यात या शब्दाचे दहा अर्थ चालू आहेत’ असे लिहू नये.

आता पुन्हा त्या हस्तलिखिताकडे. ‘एंझाइम’ की ‘विकर’, या वादात लेखकास फारसे स्वारस्य नाही. पहिला शब्द एकोणिसाव्या शतकात जर्मनीत क्यूने याने ग्रीक भाषेवरून घडविला, त्याचा अर्थ ‘किण्वातले’ एवढाच. दुसरा शालेय पुस्तकांतून रूढ आहे, आणि विकार घडविणारे ते विकर अशी त्याची फोड सहज सुचते. दोन्ही चालतील. घोटाळा आहे तो ‘क्रियाशीलता’ या शब्दात. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे ही राशी म्हणजे ठराविक तापमान, ठराविक आम्लता आणि मुबलक कच्चा माल असताना होणारा रूपांतराचा वेग. 1964 साली मिनिटाला एक मायक्रोमोल हे तिचे आंतरराष्ट्रीय एकक ठरविण्यात आले, तेही याच अर्थाने. म्हणजे प्रयोगकर्त्याने सर्व अडथळे दूर केल्यावर एंझाइम किती करू शकेल, याचे ते माप आहे. परंतु मराठीत ‘शील’ हा प्रत्ययासारखा वापरला जाणारा शब्द स्वभावाचा व चालू आचरणाचा वाचक आहे; ‘प्रयत्नशील’ मनुष्य म्हणजे प्रयत्न करणारा, करू शकेल असा नव्हे. त्यामुळे ‘क्रियाशीलता’ वाचणारा विद्यार्थी एंझाइम अंड्यात प्रत्यक्ष काम करीत आहे असे समजतो, आणि तक्त्यातील आकडा मात्र सामर्थ्याचा असतो. अफलित अंड्याच्या बाबतीत तर या दोहोंत केवढे अंतर पडते, हे आपण पाहिलेच.

म्हणून लेखकाने अशी सूचना केली की, फोडलेल्या पेशींच्या द्रावात मोजलेल्या राशीस ‘क्रियाक्षमता’ म्हणावे, अखंड किंवा छिद्रित पेशीतील वेगास ‘प्रत्यक्ष क्रिया’ म्हणावे, आणि ‘वाढते’ या क्रियापदापूर्वी संख्येने, सामर्थ्याने की बंधन सुटल्याने, हे शक्य तेथे सांगावे. त्यानुसार ते वाक्य असे झाले : ‘फलनानंतर पहिल्या काही मिनिटांत सागरी अर्चिनच्या अंड्यातील अनेक एंझाइमांची प्रत्यक्ष क्रिया वाढते, त्यांची एकूण क्रियाक्षमता बहुधा पूर्वीइतकीच असते.’ सहाध्यापकांनी ते स्वीकारले. प्रकरणाचा मथळा मात्र ‘एंझाइमांची क्रियाशीलता’ असाच ठेवला आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमपत्रिकेत तोच शब्द छापलेला असल्याने त्यांचा नाइलाज होता.